मांडीचे हाड

मांडीचे हाड किंवा ऊर्वस्थी (वैद्यकातील रूढ नाव : फीमर) हे मानवी शरीरातील सर्वांत लांब, सर्वांत जड आणि सर्वांत बळकट हाड होय. वरच्या टोकाला ते खुब्याच्या सांध्यात श्रोणीशी आणि खालच्या टोकाला गुडघ्याच्या सांध्यात नडगीच्या हाडाशी जोडलेले असते. गुडघ्याखाली पायात दोन हाडे असतात. मांडीत मात्र हे एकच. प्रौढ व्यक्तीत त्याची लांबी सर्वसाधारणपणे ४० ते ५० सेंटिमीटर, म्हणजे उंचीच्या सुमारे एक-चतुर्थांश भरते. बेडूक, सरडे, मगरी, पक्षी आणि सस्तन प्राणी अशा चार पायांच्या वंशपरंपरेतील बहुतेक सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत हे हाड आढळते. आकार व ठेवण मात्र प्राण्याच्या चालण्याप्रमाणे बदलते.

नाव व परिभाषा

संस्कृतात मांडीला ‘ऊरू’ म्हणतात. त्यावरून ऊर्वस्थी हा शब्द आला. चरकसंहितेतील अस्थिगणनेत या हाडाला ‘ऊरुनलक’ म्हटले आहे. ‘नलक’ म्हणजे नळी. मटणाच्या रश्श्यातील ज्या पोकळ हाडाला आपण ‘नळी’ म्हणतो, त्यातला शब्द तोच आहे. चरकाने शरीरातील हाडे ३६० मानली, सुश्रुताने ३००. आजच्या शरीररचनाशास्त्रानुसार प्रौढ माणसात ती २०६ असतात. प्राचीन गणनेत दात, नखे, कूर्चा यांसारख्या गोष्टींचाही समावेश होता, हे या तफावतीचे मुख्य कारण. भासाच्या ‘ऊरुभंग’ या नाटकाच्या नावातील ऊरू हीच. भीमाच्या गदाप्रहाराने दुर्योधनाच्या मांड्या मोडतात, तो प्रसंग त्यात आहे.

बोलीभाषेत या हाडाबाबत एक गोंधळ आढळतो. वयस्कर व्यक्ती पडली की ‘खुब्याचे हाड मोडले’ किंवा ‘कंबर मोडली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात अशा बहुतेक घटनांमध्ये श्रोणी शाबूत असते; मोडलेली असते ती मांडीच्या हाडाची मान अथवा तिच्या लगतचा भाग. खुबा हे हाडाचे नाव नसून सांध्याच्या जागेचे नाव आहे, हे ध्यानात ठेवल्यास डॉक्टरांचे बोलणे समजणे सोपे जाते.

रचना

हाडाचे वरचे टोक, मधला दांडा व खालचे टोक असे तीन भाग पाडले जातात. वरच्या टोकाला चेंडूच्या अर्ध्याहून थोड्या अधिक भागासारखे गुळगुळीत शीर्ष असते. ते श्रोणीच्या खोलगट वाटीत बसते. उखळात मुसळ फिरावे तसे ते सर्व दिशांना फिरू शकते. म्हणून या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात. शीर्षाच्या मध्याजवळ एक लहान खळगा असतो व त्याला एक अस्थिबंध चिकटलेला असतो.

शीर्ष दांड्याला थेट जोडलेले नाही. दोहोंमध्ये तिरपी मान आहे. प्रौढांत मान आणि दांडा यांमधील कोन सुमारे १२५ ते १३० अंशांचा असतो. नवजात बालकात तो अधिक मोठा, म्हणजे १५० अंशांच्या आसपास असतो व मूल उभे राहून चालू लागल्यावर हळूहळू कमी होतो. मानेमुळे दांडा श्रोणीपासून बाहेरच्या बाजूला राहतो, पाय हलवायला मोकळी जागा मिळते आणि स्नायूंना चांगली तरफ मिळते. या सोयीची किंमतही मानेलाच मोजावी लागते, कारण शरीराचा भार तिच्यावर तिरपा येतो आणि ती वाकवली जाते.

मान जिथे दांड्याला मिळते तिथे बाहेरच्या अंगाला मोठा उंचवटा (मोठा ट्रोकँटर) व आतल्या-मागच्या अंगाला लहान उंचवटा (लहान ट्रोकँटर) असतो. कुशीवर झोपल्यावर खुब्याच्या बाजूला जे कठीण टोक अंथरुणाला टेकते, तो मोठा उंचवटा होय. दांडा किंचित पुढे वाकलेला, साधारण गोल व आतून पोकळ असतो. त्याच्या मागील बाजूने एक खरबरीत कंगोरा खाली उतरतो आणि मांड्या जवळ आणणारे स्नायू त्याला चिकटतात. खालच्या टोकाला दोन मोठे गोलसर अस्थिकंद असतात व ते नडगीच्या माथ्यावर टेकतात. दोहोंच्या पुढील खोबणीत गुडघ्याची वाटी सरकते.

दोन्ही खुबे एकमेकांपासून दूर असतात, पण गुडघे जवळजवळ असतात. त्यामुळे मांडीचे हाड सरळ उभे नसून वरून खाली आतल्या बाजूस कललेले असते. हा कल केवळ शोभेचा नाही. उत्क्रांतीच्या संदर्भात त्याचा विचार पुढे केला आहे.

आतील जाळी

हाड मधोमध उभे कापले तर दांड्याची भिंत घट्ट व जाड आणि आत मज्जेची पोकळी दिसते. प्रौढ वयात दांड्यातील मज्जा बहुतांशी पिवळी, म्हणजे चरबीयुक्त असते. वरच्या टोकात मात्र रक्तपेशी तयार करणारी लाल मज्जा प्रौढपणीही बऱ्याच अंशी टिकून राहते. शीर्ष व मान यांच्या आत भरीव हाड नसते. तिथे स्पंजासारखी जाळी असते. ती प्रथमदर्शनी अव्यवस्थित वाटते, पण तिच्या काड्या ठरावीक वक्र रेषांत मांडलेल्या असतात. काही रेषा शीर्षाकडून मानेच्या खालच्या कडेने दांड्याच्या आतल्या भिंतीकडे उतरतात, तर काही बाहेरच्या भिंतीकडून कमानीसारख्या वर चढतात.

या रेषांचा अर्थ उलगडण्याची हकीकत मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात झ्युरिक येथील शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी या जाळीची रेखाटने केली. त्याच शहरातील अभियंते कार्ल कुलमान यांना ती पाहताच आपल्या कामाची आठवण झाली. भार उचलणाऱ्या वक्र यारीत ताण आणि दाब कोणत्या रेषांनी वाहतात याच्या आकृत्या ते काढत असत, आणि या दोन आकृत्यांत विलक्षण साम्य होते. मायर यांचा निबंध १८६७ साली प्रसिद्ध झाला. पुढे बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ च्या आपल्या ग्रंथात हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःची घडण बदलते, असा सिद्धान्त मांडला. तो ‘वोल्फचा नियम’ म्हणून ओळखला जातो. वोल्फ यांच्या गणिती तपशिलांवर नंतर आक्षेप घेतले गेले आणि माणसाच्या हाडाची यारीशी केलेली तुलनाही फार ताणण्याजोगी नाही. तथापि मूळ विचार टिकला. अंधारात झाड जसे उजेडाकडे वळते, तसे हाड भाराकडे वळते. भार नाहीसा झाला की ते विरळ होते. अवकाशात महिनोन्‌महिने वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याजवळील हाडाची घनता दरमहा एक टक्क्याहून अधिक घटते, आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या बाबतीतही तेच घडते.

वाढ

गर्भाच्या सातव्या-आठव्या आठवड्यात दांड्याच्या मध्यभागी हाड तयार होण्यास प्रारंभ होतो. खालच्या टोकातील अस्थिकेंद्र गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यात दिसू लागते. म्हणून मृत अर्भक पूर्ण दिवसांचे होते की नाही हे ठरवताना न्यायवैद्यकात या केंद्राला महत्त्व आहे. शीर्षातील केंद्र जन्मानंतर पहिल्या वर्षात, मोठ्या उंचवट्यातील चौथ्या वर्षाच्या सुमारास, तर लहान उंचवट्यातील बाराव्या वर्षानंतर प्रकट होते. ही टोके दांड्याशी जुळतात ती साधारण उलट क्रमाने : आधी लहान उंचवटा, मग मोठा, मग शीर्ष आणि सर्वांत शेवटी, अठरा ते वीस वर्षांच्या सुमारास, खालचे टोक. हाडाची लांबी मुख्यत्वे या खालच्या टोकाशी वाढते. त्यामुळे लहान मुलाच्या गुडघ्याजवळ झालेली इजा क्षुल्लक मानू नये. वाढपट्टी बिघडली तर एक पाय आखूड राहू शकतो.

जन्मतः काही बालकांची खुब्याची वाटी उथळ असते व शीर्ष तिच्यातून निसटते. बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळण्याची पद्धत जिथे आहे, तिथे हा दोष अधिक आढळतो. मांड्या फाकवून कडेवर घेण्याची आपल्याकडील रीत त्या दृष्टीने हितकारक आहे, कारण त्या स्थितीत शीर्ष वाटीत नीट बसून राहते.

भार आणि काठी

दोन्ही पायांवर उभे असताना शरीराचा भार दोन खुब्यांत वाटला जातो. चालताना मात्र प्रत्येक पावलाला काही क्षण सर्व भार एकाच पायावर येतो. त्या वेळी शरीराचा मध्य खुब्याच्या आतल्या बाजूला असल्याने श्रोणी दुसऱ्या, उचललेल्या पायाकडे कलू पाहते. तिला समतोल ठेवण्यासाठी श्रोणीच्या बाहेरील अंगापासून मोठ्या उंचवट्यापर्यंत गेलेले स्नायू जोराने आवळतात. त्यांची तरफ आखूड असल्यामुळे त्यांना शरीराच्या वजनाहून कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. हा जोर आणि वजन दोन्ही मिळून शीर्षावर दाब देतात. परिणामी साध्या चालण्यातही खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीनपट भार येतो. हे स्नायू दुबळे झाले तर माणूस झोके घेत चालतो.

काठी कोणत्या हातात धरावी याचे उत्तर यातच आहे. उजवा खुबा दुखत असेल तर पुष्कळजण काठी उजव्याच हातात घेतात. हे चूक आहे. काठी डाव्या हातात धरली की श्रोणी ज्या बाजूला कलू पाहते त्याच बाजूने तिला आधार मिळतो. दुखऱ्या खुब्याच्या स्नायूंना कमी जोर लावावा लागतो आणि शीर्षावरील दाब बराच उतरतो.

इतर प्राण्यांत

प्राण्यांच्या मागच्या पायाकडे पाहून ‘याचा गुडघा उलटा वाकतो’ असा समज होतो. गाय, घोडा, कुत्रा यांच्या मागील पायात जो मागे वाकलेला सांधा डोळ्यांत भरतो, तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या लगत असतो आणि मांडीचे हाड तर मांसाखाली जवळजवळ झाकलेलेच असते. घोडा व गेंडा यांच्या मांडीच्या हाडाला बाहेरच्या अंगाला तिसरा उंचवटाही असतो. हत्तीचे हाड लांब, सरळ व खांबासारखे असते, आणि त्याच्या आत मोकळी पोकळी नसून जाळीदार हाड भरलेले असते. हत्तीचा मागील गुडघा खाली असल्यामुळे माणसासारखा पुढे वाकताना स्पष्ट दिसतो.

पक्ष्यांत हे हाड आखूड व जवळजवळ आडवे असून पिसांत दडलेले असते. कोंबडीची ‘टंगडी’ म्हणून जो दांडा हातात धरून खाल्ला जातो, ते मांडीचे हाड नसून त्याखालचे, म्हणजे नडगीचे हाड आहे. अंडी घालण्याच्या काळात कोंबडीच्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक खास प्रकारचे हाड तयार होते. त्यातील चुना अंड्याच्या कवचासाठी वापरला जातो. टिरॅनोसॉरस या डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात अशाच ऊतकाच्या खुणा सापडल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. त्यावरून तो प्राणी मादी होता असा निष्कर्ष काढण्यात आला.

अजगराच्या शेपटीच्या मुळाशी जे दोन लहान काटे दिसतात, त्यांच्या आत मांडीच्या हाडाचे अवशेष असतात. बोहेड देवमाशाच्या शरीरातही, बाहेर पायाचा मागमूस नसताना, हे हाड लहान रूपात शिल्लक आहे.

प्राणी मोठा झाला की त्याचे हाड केवळ त्याच प्रमाणात मोठे होऊन चालत नाही, हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. प्राण्याची लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ फक्त चौपट. म्हणून मोठ्या प्राण्याचे हाड तुलनेने अधिक जाड असावे लागते. याचे भव्य उदाहरण आपल्या जवळचे आहे. सिरोंच्याजवळ प्राणहिता नदी गोदावरीला मिळते. त्या खोऱ्यातील कोटा शैलसमूहात १९६१ साली जुरासिक काळातील एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे सापडू लागली. प्रथम मिळाले ते सुमारे १.७ मीटर लांबीचे मांडीचे हाड. त्यावरून त्याला ‘बडा पा’, म्हणजे मोठा पाय, असे म्हटले जाऊ लागले. ते वर्ष रवींद्रनाथ ठाकूरांच्या जन्मशताब्दीचे होते. या दोहोंवरून १९७५ मध्ये त्याचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे शास्त्रीय नामकरण झाले. त्याचा सांगाडा कोलकाता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. अर्जेंटिनातील पॅटागोटायटन या डायनोसॉरचे मांडीचे हाड याहूनही मोठे, सुमारे २.४ मीटर लांब आहे.

उत्क्रांतीचा पुरावा

वर उल्लेखिलेला आतला कल माणसाच्या दोन पायांवरच्या चालीशी निगडित आहे. गुडघे शरीराच्या मध्याखाली आल्यामुळे एका पायावर उभे राहताना तोल सावरणे सोपे जाते. चिंपांझीत हा कल जवळपास नसतो. म्हणून तो दोन पायांवर चालू लागला की दोन्ही बाजूंना डुलतो. मानवी अर्भकातही तो नसतो. मूल चालू लागल्यावरच तो निर्माण होतो, आणि जी मुले कधीच चालू शकत नाहीत त्यांच्यात तो येत नाही. इथिओपियातील हडार येथे १९७४ साली सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘लुसी’च्या सांगाड्यात हा कल स्पष्ट आहे. मेंदू लहान असतानाच आपले पूर्वज ताठ चालत होते, या निष्कर्षाचा तो एक मोठा आधार ठरला.

याच हाडाने एकदा चकवलेही आहे. डच वैद्य यूजेन द्युब्वा यांना जावा बेटावरील त्रिनील येथे १८९१ साली एका कवटीचा माथा आणि १८९२ साली काही मीटर अंतरावर मांडीचे हाड मिळाले. हाड हुबेहूब आधुनिक माणसासारखे होते. दोन्ही एकाच प्राण्याचे मानून त्यांनी त्याला ‘ताठ चालणारा कपिमानव’ अशा अर्थाचे नाव दिले. ‘ताठ’ हे विशेषण पूर्णपणे त्या हाडावर उभे होते. ते हाड कवटीहून बरेच अलीकडच्या माणसाचे असावे, असे पुढे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले. तरीही होमो इरेक्टस ताठच चालत होता, हे नंतरच्या इतर अवशेषांवरून सिद्ध झाले. द्युब्वा यांचा निष्कर्ष बरोबर निघाला, पण ज्या हाडावरून तो काढला ते बहुधा चुकीचे होते.

मोड व आजार

तरुण वयात दांडा मोडण्यासाठी फार मोठा आघात लागतो; आपल्याकडे त्याचे नेहमीचे कारण वाहनांचे अपघात. दांडा मोडल्यास बाहेर जखम नसतानाही मांडीच्या आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. म्हणून अशा रुग्णाला पाय बांधून स्थिर केल्याशिवाय हलवू नये. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी तयार केलेली, पाय ताणून धरणारी लोखंडी चौकट पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांच्या आग्रहामुळे सरसकट वापरात आली. गोळीने मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांतील मृत्यूचे प्रमाण त्यामुळे सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आले, असे सांगितले जाते. आज दांड्याच्या पोकळीत धातूची लांब सळई बसवून हाड जोडतात. ही पद्धत जर्मन शल्यविशारद गेरहार्ड क्युंचर यांनी १९३९ च्या सुमारास प्रचारात आणली.

वृद्धापकाळी मात्र चित्र निराळे असते. हाडे विरळ झाल्यामुळे न्हाणीघरात पाय घसरणे किंवा अंधारात उंबऱ्याला ठेच लागणे एवढेही मान मोडण्यास पुरते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत हा धोका अधिक. पडल्यानंतर उठता न येणे, मांडीच्या सांध्यात तीव्र वेदना, पाय आखूड दिसणे आणि पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले असणे ही त्याची ठळक लक्षणे होत. परंतु मोडलेले भाग एकमेकांत रुतून बसले असतील तर रुग्ण लंगडत का होईना चालूही शकतो, आणि घरचे लोक निर्धास्त राहतात. म्हणून पडल्यानंतर खुब्याजवळ वेदना राहिल्यास एक्स-रे काढलाच पाहिजे. तेल चोळणे, शेकणे किंवा पाय ओढून बसवण्याचा प्रयत्न करणे घातक आहे.

मानेच्या मोडीत एक विशेष अडचण असते. शीर्षाला होणारा रक्तपुरवठा मुख्यतः मानेवरून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून होतो. मान मोडली की त्या तुटतात आणि रक्त न मिळाल्याने शीर्ष मृत होऊ शकते. त्यामुळे तरुण रुग्णात मान शक्य तितक्या लवकर स्क्रूने जोडण्याचा, तर वृद्धात पुष्कळदा शीर्ष काढून धातूचे बसवण्याचा निर्णय घेतला जातो. ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला’ असे म्हणून रुग्णाला महिनोन्‌महिने अंथरुणावर ठेवण्यात अधिक धोका आहे. अंथरुणावर पडून राहिल्याने न्यूमोनिया, पाठीवरील व्रण व पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. अनेक देशांतील पाहण्यांत अशा वृद्धांपैकी सुमारे एक-पंचमांश किंवा अधिक व्यक्ती वर्षभरात दगावल्याचे आढळले आहे. शक्यतो एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया करून रुग्णाला लवकर उभे करावे, असा आजचा वैद्यकीय संकेत आहे.

मोड झाली नसतानाही शीर्षाचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, अतिमद्यपान आणि सिकलसेल हा रक्ताचा आजार ही त्याची प्रमुख कारणे होत. सिकलसेल विदर्भात, तसेच गडचिरोली व नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत बराच आढळत असल्यामुळे तेथील तरुणाची खुब्याची वेदना ‘वाताची’ म्हणून सोडून देऊ नये. शीर्ष पूर्णपणे झिजल्यास संपूर्ण सांधा बदलतात. या शस्त्रक्रियेचे आजचे स्वरूप मुख्यतः इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये वापरलेल्या धातूचे शीर्ष व प्लॅस्टिकची वाटी या जोडीवरून आले. सांधा बदललेल्या रुग्णाला मांडी घालून बसणे व उकिडवे बसणे टाळण्यास बहुधा सांगतात. पंगत आणि देशी शौचकूप यांची सवय असलेल्या घरात हे पथ्य सर्वांत जड जाते.

ओळख पटवण्यासाठी उपयोग

हे हाड घट्ट असल्याने जमिनीत दीर्घकाळ टिकते. त्याच्या लांबीवरून मृत व्यक्तीच्या उंचीचा अंदाज बांधता येतो. मात्र त्यासाठीची सूत्रे प्रत्येक लोकसमूहासाठी वेगळी असतात. शीर्षाचा व्यास लिंगनिश्चितीला साहाय्य करतो, तर दांड्याच्या घट्ट भिंतीतून पुष्कळदा डीएनए मिळवता येतो.

भाषा व संस्कृती

मराठीत ‘मांडी’ हा शब्द अवयवाबरोबरच बैठकीसाठीही वापरला जातो. मांडी घालून बसताना हे हाड खुब्यात एकाच वेळी वाकते, बाहेर जाते आणि बाहेरच्या बाजूस फिरते. उखळीच्या सांध्याची ही बहुतेक संपूर्ण परीक्षाच म्हणावी लागेल. ‘मांडीवर घेणे’ म्हणजे दत्तक घेणे, ‘मांडीला मांडी लावून बसणे’ म्हणजे बरोबरीच्या नात्याने बसणे. तिबेटी बौद्ध परंपरेत माणसाच्या मांडीच्या हाडापासून ‘कांगलिंग’ नावाचे फुंकवाद्य बनवतात. स्लोव्हेनियातील दिव्ये बाबे गुहेत १९९५ साली गुहाअस्वलाच्या पिल्लाचे छिद्रे असलेले मांडीचे हाड सापडले. ती निअँडरथल मानवाची बासरी आहे की हिंस्र प्राण्यांच्या दातांच्या खुणा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. विजेच्या खांबांवरील ‘धोका’ पाटीवर कवटीखाली जी दोन हाडे फुलीसारखी दाखवतात, ती परंपरेने मांडीचीच असतात.